'मॅड ॲज अ हॅटर' : वाक्प्रचार, व्यवसाय आणि व्याधी

एखाद्या माणसाचे वर्तन नेहमीच्या कारणांनी उलगडेनासे झाले म्हणजे भाषा त्याच्यासाठी एक नाव पुढे करते. नाव मिळाले की पाहणाऱ्याचे अर्धे कुतूहल तेथेच शमते. 'तऱ्हेवाईक', 'चक्रम', 'झपाटलेला', 'डोके फिरलेला' हे मराठीतील शब्द असेच आहेत. इंग्रजीत ह्या कामी एक उपमा विशेष रूढ आहे : 'मॅड ॲज अ हॅटर', म्हणजे हॅट करणाऱ्या किंवा विकणाऱ्या माणसासारखा वेडा. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला ती बहुधा ल्यूइस कॅरोल ह्याच्या अद्भुतकथेतील हॅटरमुळे परिचित असते. तिचे स्पष्टीकरणही त्याला ठरावीक स्वरूपात मिळालेले असते. ते असे की, हॅट तयार करण्याच्या धंद्यात पारा वापरीत. पाऱ्याच्या वाफेने कारागिरांच्या मेंदूवर परिणाम होई. ते वेडे होत. आणि त्यावरून हा वाक्प्रचार निघाला.

स्पष्टीकरण नेटके आहे, आणि त्यातील एकेक विधान स्वतंत्रपणे पाहिल्यास बहुतांशी खरेही आहे. परंतु त्यांना जोडणारा जो 'त्यावरून' हा शब्द आहे, त्याला आधार काय हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः येथे तीन निरनिराळे प्रश्न एकत्र झाले आहेत. वाक्प्रचार केव्हा व कोणत्या अर्थाने आढळतो, हा पहिला प्रश्न शब्देतिहासाचा आहे. हॅट-कारागिरांना नेमके काय होत होते, हा दुसरा प्रश्न वैद्यकाचा आहे. ह्या दोहोंत कार्यकारणसंबंध आहे काय, हा तिसरा प्रश्न पुराव्याच्या न्यायाचा आहे. प्रस्तुत लेखात ह्या तिन्हींचा क्रमाने विचार केला असून, एखाद्या दुर्बोध वर्तनाला वाक्प्रचार लावल्याने त्या वर्तनाच्या अभ्यासाचे काय होते, हेही शेवटी पाहिले आहे.

१. वाक्प्रचाराचा इतिहास

हा वाक्प्रचार कॅरोलने निर्माण केला नाही. 'ॲलिस'ची पहिली कथा १८६५ साली प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी छत्तीस वर्षे, म्हणजे १८२९ साली, एडिंबरो येथील 'ब्लॅकवुड्स मॅगझिन' ह्या मासिकातील 'नॉक्टेस ॲम्ब्रोसियानी' ह्या संवादमालेत तो आलेला आहे. नोव्हा स्कोशियातील विनोदी लेखक टॉमस चँडलर हॅलिबर्टन ह्याने १८३० नंतरच्या दशकात 'द क्लॉकमेकर' ह्या लेखनात तो वापरला. मात्र तेथे 'मॅड' ह्या शब्दाचा रोख वेडाकडे नसून क्रोधाकडे आहे. थॅकरेच्या 'पेंडेनिस' ह्या कादंबरीतही तो आढळतो. कॅरोलने लिहावयास घेतले त्या वेळी, तात्पर्य, हा वाक्प्रचार बोलण्यात रुळलेला होता. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात राहत नाही. कॅरोलच्या कथेत ह्या पात्राचे नाव नुसते 'हॅटर' असे आहे. 'मॅड हॅटर' हे नाव वाचकांनी त्याला दिले. ज्या प्रकरणात तो प्रथम भेटतो त्या चहापानाच्या प्रकरणाचे शीर्षक आणि चेशायर मांजराचा अभिप्राय ह्यांवरून ते विशेषण त्याला चिकटले.

व्युत्पत्तीविषयी पाऱ्याखेरीज इतरही तर्क करण्यात आले आहेत. एका तर्कानुसार मूळ शब्द 'हॅटर' नसून 'ॲडर', म्हणजे विषारी साप, हा होय. जुन्या इंग्रजीत विषाला 'आटोर' असा शब्द होता, त्याच्याशीही काहीजण हे नाते जोडतात. दुसऱ्या तर्काप्रमाणे कालव ह्या अर्थाचा फ्रेंच शब्द 'युइत्र' ह्याचा तो अपभ्रंश आहे, कारण कालवासारखी बुद्धी असणे अशा अर्थाचा प्रयोग फ्रेंचमध्ये आहे. तिसरा तर्क एका ऐतिहासिक व्यक्तीकडे बोट दाखवितो. सतराव्या शतकात चेशम येथे हॅट विकणारा रॉजर क्रॅब हा सर्वस्व दान करून, मांस व मद्य वर्ज्य करून पाल्यावर राहणारा विरक्त म्हणून प्रसिद्ध होता. त्याच्या जीवनक्रमाची हकीकत १६५५ साली छापली गेली.

ह्या तर्कांची परीक्षा एकाच कसोटीवर करावयास हवी. मूळ मानलेले रूप आणि प्रत्यक्ष आढळणारे रूप ह्यांच्यामध्ये दुवा ठरणारी उदाहरणे लेखी पुराव्यात मिळतात काय? सापाच्या तर्काला तशी मधली साखळी सापडत नाही. कालवाचा तर्क ध्वनिसाम्यावरच उभा आहे. क्रॅब १६८० मध्ये वारला आणि वाक्प्रचार जवळजवळ दीडशे वर्षांनी प्रथम दिसतो. मधल्या काळात त्याची स्मृती बोलीत जिवंत होती असे दाखविता येत नाही. आता हीच कसोटी पाऱ्याच्या तर्काला लावली तर काय दिसते? वाक्प्रचाराच्या आरंभीच्या उदाहरणांत पाऱ्याचा, कंपाचा किंवा धंद्यातील रोगाचा मागमूस नाही. ती उदाहरणे ज्या माणसाचे वर्णन करतात तो रागावलेला, नाहीतर सुचेल ते बोलणारा आहे.

शिवाय इंग्रजी उपमांची एक सर्वसाधारण प्रवृत्ती लक्षात घ्यावी लागते. एखादा गुण किंवा दोष एखाद्या पेशाला किंवा दर्जाला चिकटवून देण्याची त्या भाषेला आवड आहे. उमरावासारखा झिंगलेला, न्यायाधीशासारखा शुद्धीवर असलेला, घोडेस्वार शिपायासारखा शिव्या देणारा असे प्रयोग तिच्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या मुळाशी समाजातील एखादा रूढ ग्रह असतो. वैद्यकीय निरीक्षण असलेच पाहिजे असे नाही. म्हणून हॅटरची उपमा रोगावाचून निर्माण होऊच शकली नसती, असे म्हणता येत नाही.

२. धंदा आणि त्यातील पारा

ह्याउलट हॅट-कारागिरांच्या व्याधीचा इतिहास निःसंशय आहे. तो समजण्यास नमदा, म्हणजे न विणता केवळ दाबून व घोळून केलेले लोकरीचे वस्त्र, कसे तयार होते ते पाहिले पाहिजे. केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात. ओलावा, उष्णता आणि दाब ह्यांच्या योगाने हे केस एकमेकांत अडकतात व त्यांची घट्ट चादर बनते. उत्तर अमेरिकेतील बीव्हर ह्या प्राण्याची अंगलगतची लव ह्या कामी उत्तम असे. तिच्या तंतूंना नैसर्गिक आकडे असल्याने ती सहज गुंतते. परंतु युरोपातील हॅटच्या हौसेपायी बीव्हर दुर्मिळ व महाग होत गेला, आणि कारागिरांना सशाच्या स्वस्त लवेकडे वळावे लागले. ही लव गुळगुळीत असल्याने तशीच वापरल्यास नीट जमत नाही.

ह्यावर फ्रान्समध्ये जो उपाय निघाला तो धंद्याचे गुपित म्हणून जपला जाई. त्याचे फ्रेंच नाव 'सेक्रेताज' हेच त्याची साक्ष देते. पारा नत्राम्लात विरघळवून केलेले मर्क्युरिक नायट्रेटचे द्रावण कातडीवरील लवेला ब्रशाने लावीत. त्यामुळे तंतूंचे पृष्ठ खरखरीत होई, ते वळत व गुंतत. सुकताना लवेची टोके नारिंगी होत. त्यावरून इंग्रजी कारखान्यांत ह्या क्रियेला गाजराच्या नावावरून 'कॅरटिंग' हा शब्द पडला.

धोका ह्या एका टप्प्यापुरता मर्यादित नव्हता. द्रावण लावलेली कातडी भट्टीत सुकविली जाई. लव कापून, पिंजून, वाऱ्याने उडवून शंकूच्या आकाराच्या साच्यावर बसविली जाई. पुढे उकळत्या पाण्यात घोळणे, वाफेवर आकार देणे, इस्त्री करणे ह्या प्रत्येक क्रियेत उष्णतेने पारा मुक्त होई. थंडीच्या दिवसांत खिडक्या बंद ठेविलेल्या खोल्यांत ही वाफ साचून राही. ज्या कारागिराने पाऱ्याच्या द्रावणाला कधी हात लावला नव्हता, तोही साच्यावर वाफेने आकार देताना पारा श्वासावाटे घेत होता. पाऱ्याची वाफ श्वासात गेली म्हणजे तिचा बहुतेक भाग फुप्फुसांतून रक्तात शोषला जातो. तेथून ती मेंदूत सहज शिरते व तेथे रूपांतर पावून अडकून राहते. वास नाही, चटका नाही, तत्काळ काही जाणवत नाही. परिणाम महिन्यांनी किंवा वर्षांनी उमटतो. त्यामुळे कारण आणि कार्य ह्यांची गाठ कामगाराच्या स्वतःच्या अनुभवातून पडणे कठीण होते.

३. व्याधीचे स्वरूप

धंद्यातील पारा माणसाचे काय करतो हे हॅट-कारखान्यांच्या अभ्यासाआधीपासून वैद्यांना ठाऊक होते. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी ह्याने १७०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथात पाऱ्याने सोन्याचा मुलामा देणाऱ्यांचे आणि आरसे करणाऱ्यांचे हाल नोंदविले आहेत. जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल ह्याने १८६१ साली आरशांच्या कारखान्यांतील कामगारांवरून पारदविषबाधेचे सविस्तर वर्णन केले. त्याच्या एक वर्ष अगोदर, १८६० साली, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात जे. ॲडिसन फ्रीमन ह्या वैद्याने हॅट-कारागिरांतील पारदविकारावर लेख प्रसिद्ध केला. ह्या व्याधीला धंद्याच्या संदर्भात स्पष्ट नाव देणाऱ्या आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते.

लक्षणांचे दोन गट पडतात. पहिला गट शारीरिक आहे. हिरड्या सुजणे, लाळ वाहणे, दात हलू लागणे आणि सर्वांत ठळक म्हणजे कंप. तो बोटे, पापण्या, ओठ ह्यांपासून सुरू होऊन हात व पाय व्यापतो. अक्षर वेडेवाकडे होते, भरलेला पेला तोंडाशी नेता येत नाही. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात डॅनबरी हे हॅटच्या धंद्याचे मोठे केंद्र होते. तेथे ह्या कंपाला गावाचेच नाव मिळून तो 'डॅनबरी शेक्स' म्हणून ओळखला जाई. दुसरा गट वर्तनाचा आहे, आणि प्रस्तुत विवेचनात तोच महत्त्वाचा. वैद्यकात त्याला 'एरेथिझम' म्हणतात. हे नाव डिवचणे किंवा चेतविणे ह्या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आले आहे.

एरेथिझम झालेल्या माणसाचे वर्णन वैद्यकीय ग्रंथांतून सातत्याने सारखेच येते. तो विलक्षण लाजाळू होतो. अनोळखी माणसासमोर जाण्यास भितो. कोणी पाहत असले तर रोजचे, अंगवळणी पडलेले कामही त्याच्या हातून होत नाही. एकटा असला तर होते. आपली थट्टा होईल अशी धास्ती त्याला वाटते. टीका सोसत नाही. क्षुल्लक कारणावरून तो भडकतो आणि मग खिन्न होतो. झोप उडते, स्मरण मंदावते, आत्मविश्वास जातो.

ह्या वर्तनातील दुर्बोधता कोठे आहे हे स्पष्ट व्हावे म्हणून एका सर्वसामान्य प्रसंगाची कल्पना करावी. वीस वर्षे साच्यावर काम केलेला निष्णात कारागीर मुकादम जवळ येऊन उभा राहताच गोंधळतो, हातातील काम खाली टाकतो, एका शब्दावरून भांडतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही. पाहणाऱ्याला येथे रोग दिसत नाही, स्वभाव दिसतो. तो म्हणेल, माणूस मानी झाला आहे, भांडखोर झाला आहे. हात थरथरतो म्हटल्यावर तर मद्यपानाचा संशय अगदी हाताशी असतो, कारण दारूच्या व्यसनातील कंप वरवर पाहता असाच दिसतो. विष शरीरात शिरते, पण त्याचे पहिले चिन्ह चारित्र्याचा दोष म्हणून वाचले जाते. ह्या रोगाची सर्वांत क्रूर बाजू हीच होय.

४. दोहोंचा संबंध

आता तिसरा प्रश्न. वाक्प्रचारातील वेड आणि कारखान्यातील व्याधी एकच काय?

कॅरोलच्या पात्राची तुलना ह्या कामी उपयोगी पडते. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या १९८३ च्या नाताळच्या अंकात एच. ए. वॉल्ड्रन ह्यांनी नेमका हाच प्रश्न उपस्थित केला आणि नकारार्थी उत्तर दिले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा साधा आहे. एरेथिझमचा रोगी संकोची, लोकांपासून दूर पळणारा असतो. कथेतील हॅटर बडबड्या, धीट आणि लोकांचे लक्ष वेधून घेण्यात रमणारा आहे. चहाच्या मेजावर तो पाहुणीला कोडी घालतो, तिच्या केसांवर शेरा मारतो, काळाशी झालेल्या भांडणाची कथा सांगतो. लाजेने मागे सरणाऱ्या माणसाचे हे चित्र नव्हे. हॅटरचे मूळ ऑक्सफर्डजवळ राहणाऱ्या थिऑफिलस कार्टर ह्या विक्षिप्त फर्निचर-विक्रेत्यात असल्याची जी समजूत आहे, तिचाही ह्या चर्चेत उल्लेख होतो. कार्टरचा हॅटच्या कारखान्याशी संबंध नव्हता.

विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे. कॅरोलचा जन्म १८३२ साली चेशायर परगण्यातील डेअर्सबरी येथे झाला, आणि त्याच परगण्यातील स्टॉकपोर्ट हे हॅटच्या धंद्याचे मोठे केंद्र होते. कथेच्या शेवटी न्यायालयाच्या प्रसंगात हाच हॅटर राजाच्या धमकीने इतका थरथरतो की त्याच्या पायांतील जोडे निसटतात. वरिष्ठांची नजर पडताच येणारा हा कंप वाचताना डॅनबरीची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु आठवण होणे म्हणजे पुरावा नव्हे. त्याच प्रसंगात तो भीतीने भांबावलेला साक्षीदार आहे, आणि भीतीने कोणीही थरथरतो. शिवाय आपल्या डोक्यावरील हॅट आपली नसून विक्रीची आहे असे तो तेथे सांगतो. इंग्रजीत 'हॅटर' हा शब्द करणारा व विकणारा ह्या दोघांनाही लागतो, आणि हे पात्र दुसऱ्या अर्थाचे दिसते.

ह्या सर्वांवरून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. हॅट-कारागिरांच्या रोगाने वाक्प्रचाराच्या प्रसाराला हातभार लावला असणे शक्य आहे. ज्या गावांत असे कारागीर रोज दिसत तेथे ही उपमा पटकन पटली असेल. पण वाक्प्रचार रोगापासून निघाला हे सिद्ध झालेले नाही, आणि त्यातून जे वर्तन सूचित होते ते रोगातील वर्तनाच्या जवळजवळ उलट आहे.

५. चहापानातील दुसरा पाहुणा

हॅटरच्या शेजारी त्याच मेजावर बसलेला मार्च महिन्यातील ससा हेही एका वाक्प्रचाराचेच मूर्त रूप आहे. मार्चमधील सशासारखा वेडा ही उपमा हॅटरहून पुष्कळ जुनी आहे. जॉन हेवूडच्या १५४६ सालच्या म्हणींच्या संग्रहात ती आलेली आहे. तिच्या मुळाशी मात्र खरे निरीक्षण आहे. इंग्लंडच्या शेतांत वसंताच्या आरंभी रानससे मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना पुढच्या पंजांनी तडाखे देताना दिसतात. एरवी भित्र्या असलेल्या प्राण्याचे हे वर्तन गूढ वाटले आणि त्याला वेड म्हटले गेले. पुढे त्याला कारणही जोडण्यात आले : मार्च हा समागमाचा काळ असल्याने नर मादीसाठी आपापसांत लढतात.

ए. जे. एफ. हॉली आणि पी. जे. ग्रीनवुड ह्यांनी १९८४ साली 'नेचर' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या लेखात ह्या दोन्ही समजुती दुरुस्त केल्या. प्रत्यक्ष दीर्घ निरीक्षणात असे दिसले की, तडाखे देणारी बहुधा मादी असते आणि ती अंगलट येणाऱ्या नराला परतवीत असते. हे केवळ मार्चमध्ये होत नाही. अनेक महिने चालणाऱ्या प्रजननाच्या संपूर्ण काळात ते घडते. मार्चमध्ये पिके आखूड असतात आणि ससे दिवसाउजेडी दिसतात, म्हणून माणसाच्या नजरेस ते त्या महिन्यात पडते. चारशेहून अधिक वर्षे जे वेड सशाच्या डोक्यात असल्याचे मानले गेले, ते पाहणाऱ्याच्या सोयीच्या वेळेत होते. ज्याला भांडण समजले गेले तो नकार होता.

दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवली म्हणजे एक समान दोष दिसतो. सशाच्या बाबतीत निरीक्षण खरे होते, पण अर्थ चुकीचा लावला गेला. हॅटरच्या बाबतीत रोगही खरा, वाक्प्रचारही खरा. पण एकाचा अर्थ दुसऱ्यावर लादला गेला. दोहोंकडे नाव आधी मिळाले आणि पाहणे थांबले.

६. नाव दिल्याने काय होते

वर्णन आणि स्पष्टीकरण ह्यांतील भेद शास्त्रीय लेखनात वारंवार सांगितला जातो, तरी वाक्प्रचाराच्या ठिकाणी तो विशेष चटकन विसरला जातो. अमुक माणूस असा का वागतो? तो वेडा आहे म्हणून. तो वेडा कशावरून? असा वागतो म्हणून. हे चक्र उघड आहे, पण उपमेत धंद्याचे नाव आल्याने ते झाकले जाते. हॅटर असेच असतात, एवढे म्हटल्याने काहीतरी कारण सांगितल्यासारखे वाटते. धंदा खरोखर कारण होता. पण ज्या अर्थाने बोलणाऱ्याला अभिप्रेत होते त्या अर्थाने नव्हे.

फ्रीमनचा लेख १८६० चा. इंग्लंडमध्ये पारदविषबाधा ही कारखान्यांनी अधिकाऱ्यांस कळवावयाच्या रोगांत १८९९ साली समाविष्ट झाली. अमेरिकेत धंद्यातील रोगांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या ॲलिस हॅमिल्टन ह्यांनी १९२२ मध्ये लव कापणारे व हॅट करणारे ह्यांच्या व्याधींवर आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतरही पाऱ्याचा वापर चालूच राहिला. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने कनेक्टिकटमधील हॅट-कामगारांची पद्धतशीर तपासणी केली, तिचा अहवाल १९४१ मध्ये निघाला, आणि त्याच वर्षीच्या १ डिसेंबरपासून नमद्याच्या धंद्यातून पारा काढून टाकण्यात आला. युद्धासाठी पाऱ्याची गरज होती, ही गोष्टही त्या बंदीला अनुकूल ठरली असे सांगितले जाते. पाऱ्यावाचून लवेवर संस्कार करण्याच्या दुसऱ्या पद्धती उपलब्ध होत्या; हायड्रोजन पेरॉक्साइडचा वापर ही त्यांतील एक होय. फ्रीमनपासून ह्या बंदीपर्यंत ८१ वर्षे गेली. ह्या विलंबाचा दोष एका वाक्प्रचारावर टाकणे अन्यायाचे होईल. स्वस्त माल, असंघटित कामगार आणि मंद गतीने होणारा रोग ही त्याची खरी कारणे आहेत. परंतु ज्या समाजात एखाद्या कामगारवर्गाचे वेड हा विनोदाचा विषय असतो, तेथे त्या वर्गाच्या तक्रारीला रोगाचे गांभीर्य मिळण्यास अधिक वेळ लागतो, हे नाकारता येत नाही.

विसाव्या शतकात ह्याच्या उलट दिशेची चूक सुरू झाली. वैद्यकीय लेखनात एरेथिझमला 'मॅड हॅटर'चा रोग असे लोकप्रिय नाव मिळाले. आता वाक्प्रचार रोगाचे स्पष्टीकरण देऊ लागला. ही केवळ शैलीची बाब नाही. ज्या विद्यार्थ्याच्या मनात ह्या रोगाचे चित्र चहाच्या मेजावरील वाचाळ विक्षिप्तावरून तयार झाले आहे, तो समोर बसलेल्या, खाली मान घातलेल्या, प्रश्न विचारताच घाबरणाऱ्या रोग्यात तो रोग शोधणार नाही. गप्प बसलेल्या माणसाला कोणी 'हॅटरसारखा' म्हणत नाही. पाऱ्याचा बळी मात्र बहुधा असाच असतो. आणि तो प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण आणणारा मिनामाता करार २०१३ साली झाला व २०१७ मध्ये अंमलात आला. भारताने त्यास २०१८ मध्ये मान्यता दिली. लहान प्रमाणावर सोने काढणारे लक्षावधी लोक जगात अद्यापि पाऱ्याची वाफ श्वासात घेत आहेत.

७. मराठी अभ्यासकापुरते

इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या वर्तनविषयक परिभाषेच्या संदर्भात ह्या उदाहरणाचे मोल आहे. वरील उपमा शब्दशः मराठीत आणली तर ती निरर्थक होईल. इतकेच नव्हे, तर दिशाभूल करील. 'टोपीकर' हा शब्द मराठी राजनीतीच्या जुन्या लेखनात, उदाहरणार्थ 'आज्ञापत्रा'त, युरोपीय व्यापाऱ्यांसाठी येतो. त्यामुळे टोपीवाल्याचे वेड म्हटल्यास मराठी वाचकाच्या मनात भलताच इतिहास जागा होईल. मराठीला स्वतःची उपमा लागलीच तर 'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा प्रयोग आहे. पण त्यात वेडाचे सोंग अभिप्रेत आहे. इंग्रजी वाक्प्रचार वर्तनाचे कारण माणसाच्या पेशात शोधतो, मराठी वाक्प्रचार त्याच्या हेतूत. भीमेकाठच्या पेडगावच्या बहादूरगडावरील मोगल सरदाराला हूल दिल्याची जी शिवकालीन कथा ह्या प्रयोगाच्या मुळाशी सांगितली जाते, तिलाही वर वापरलेली कसोटी लावावयास हवी : त्या घटनेपासून वाक्प्रचाराच्या पहिल्या लेखी उदाहरणापर्यंतचा दुवा दाखविता येतो काय? कथा रोचक आहे एवढ्याने तो सिद्ध होत नाही, आणि सिद्ध होत नाही एवढ्याने कथा खोटीही ठरत नाही.

वर्तनाचे वर्णन करताना तयार वाक्प्रचार वापरूच नये असा ह्याचा अर्थ नव्हे. संशोधनाच्या आरंभी कोणत्या तरी नावाची गरज असतेच. पण ते नाव टिपणवहीच्या पहिल्या ओळीत असावे, शेवटच्या नव्हे. माणूस काय करतो, केव्हा करतो, कोणासमोर करतो, एकटा असताना काय करतो, आणि दिवसभर कोणत्या हवेत श्वास घेतो, हे प्रश्न त्या ओळीखाली यावयास हवेत. डॅनबरीच्या कारागिराचे गूढ शेवटी ह्या अखेरच्या प्रश्नाने सुटले.